सण आणि सुट्टी



वैशाखातल्या ह्या संध्याकाळी घामाच्या धारा लागलेल्या असताना आम्ही आपल्यापुढे थंडीच्या दिवसांविषयी बोलायला उभे आहोत, हे थोडे विपरीतच म्हणायचे. परंतु त्याला एक कारण आहे. थंडीच्या दिवसांत थंडीविषयी विचार करायला कोणाला सवड नसते. त्यावेळी सगळे ठरून गेलेले असते, पैसे भरलेले असतात आणि पिशव्या बांधून दाराशी ठेवलेल्या असतात. विचार करायचा तर तो आधीच, आणि शक्यतो उकाड्यात करावा. म्हणून हा विषय.

दुसरा खुलासा असा की, ह्या भाषणात 'आम्ही' हा शब्द वारंवार येईल. तो मोठेपणाचा समजू नये. आम्ही म्हणजे घरातली पाच माणसे : आम्ही उभयता, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि आमच्या आई. बोलतो आहोत आम्ही एकटे, पण जे सांगायचे ते पाचांचे मिळून आहे. त्यातला चांगला भाग बहुतेक आमच्या आईंचा आहे, आणि चुकीचा भाग आमचा.

आमचे बिऱ्हाड खांदेश्वरला. हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल ह्यांच्यामधले हे स्टेशन. गाडी १९९८ साली पनवेलपर्यंत आली आणि त्यानंतर ह्या भागात माणसांची रीघ लागली. स्टेशनाला नाव मिळाले ते जवळच्या महादेवाच्या देवळावरून. ते देऊळ आणि त्याच्या शेजारचे तळे दोन्ही अजून आहेत. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. आखीव रस्ते, क्रमांकांची सेक्टरे, एकासारख्या एक इमारती असे सगळे तिने मांडले. पण ह्या क्रमांकांच्या गर्दीत स्टेशनाला नाव मात्र देवाचे राहिले. सकाळी घाईघाईने गाडी पकडणारा माणूस दिवसातून दोनदा महादेवाचे नाव घेतो, आणि ते आपण घेतले हे त्याला ठाऊकही नसते. आमची भक्ती साधारण ह्याच जातीची आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

आमच्या मजल्यावर चार घरे आहेत. एक आम्ही, कऱ्हाडकडचे. एक खानदेशातले. एक मालवणचे. आणि एक वसईकडचे ख्रिस्ती कुटुंब. प्रत्येकाने गावाहून येताना आपापले देव आणले, आपापले सण आणले, आणि ते साडेचारशे-पाचशे चौरस फुटांत बसवले. देव बसले. सणांना मात्र जागा पुरेना. सणाला जागेपेक्षा माणसे अधिक लागतात, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नव्हते.

आता २०२३ सालच्या डिसेंबर महिन्याकडे येऊ. त्या वर्षी मार्गशीर्षातले सण उशिरा आले. १८ डिसेंबरला चंपाषष्ठी, २५ ला नाताळ, २६ ला दत्तजयंती. शिवाय दर गुरुवारी महालक्ष्मीचा घट. आठ-दहा दिवसांत इतकी गर्दी, आणि तेच दिवस कचेऱ्यांत रजा शिल्लक असतील तर संपवायचे. मुलांच्या शाळेला नाताळची सुट्टी. तेव्हा आम्ही उभयतांनी ऑक्टोबरातच ठरवले होते की, ह्या वर्षी चार दिवस कुठेतरी जायचे. आम्ही सकाळी सात वाजता घर सोडतो आणि रात्री साडेआठ-नऊला परत येतो. मुलांची आणि आमची भेट म्हणजे रात्रीचे जेवण आणि रविवार. चार दिवस समुद्रावर जाऊन पडावे, घड्याळ पाहू नये, एवढीच इच्छा. अलिबागच्या अलीकडे-पलीकडे पुष्कळ घरगुती मुक्कामाच्या जागा आहेत. त्यांतली नागावची एक खोली आम्ही २३ ते २६ डिसेंबरसाठी ठरवून टाकली. खोली चौघांची. आईंनी ते चार दिवस डोंबिवलीला आमच्या बहिणीकडे राहावे, असेही ठरवून टाकले. फक्त आईंना विचारायचे तेवढे राहिले होते.

सभ्य स्त्रीपुरुषहो, ह्यात आमचा हेतू वाईट नव्हता. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना प्रवास सोसत नाही, वाळूत चालता येत नाही, ही कारणे आम्ही एकमेकांना सांगत होतो. कारणे खरी होती. पण जी कारणे आपण एकमेकांना सांगतो आणि ज्याच्याविषयी ती आहेत त्याला सांगत नाही, ती खरी असूनही खोटीच असतात.

चंपाषष्ठी सोमवारी आली. आमचे कुलदैवत खंडोबा, आणि आमच्या आईंचे माहेर पालीच्या बाजूचे. पाल म्हणजे कऱ्हाड तालुक्यातले, तारळी नदीकाठचे. तिथे पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते आणि मोठी यात्रा भरते. त्यामुळे घरात चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत, बाजरीचा रोडगा, कांद्याची पात हा नैवेद्य, आणि मुख्य म्हणजे तळी. ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवायचा, पाच जणांनी ते ताम्हण हातांनी धरायचे, आणि येळकोटाच्या गजरात तीनदा वर उचलायचे. ह्या विधीला मंत्र लागत नाही, भटजी लागत नाही. माणसे मात्र पाच लागतात.

सोमवारी दुपारी खांदेश्वरच्या इमारतीत पाच माणसे कुठून आणायची? आईंनी दुपारी नैवेद्य केला आणि ताम्हण भरून देवापुढे झाकून ठेवले. त्या वाट पाहत बसल्या. आमची गाडी त्या दिवशी उशिरा आली. रात्री साडेनऊला घरात शिरलो तेव्हा मुले झोपून गेली होती. घरात जागी माणसे तीन. तळी पुरुषांनी उचलावी अशी आमच्या गावची रीत. आई क्षणभर विचार करून म्हणाल्या, "गावाकडं गावाची रीत. इथं मिळतील ती पाच." मग आम्ही शेजारी दारे वाजवली. मालवणच्या वहिनी आल्या. आणि वसईकडचे गृहस्थ नुकतेच जेवून उठले होते, ते हात धुऊन आले. "मी धरले तर चालेल ना आजी?" त्यांनी विचारले. आई म्हणाल्या, "तुम्ही न धरून कसं चालेल? तुम्हीच पाचवे." अशी आमची तळी उचलली गेली. भंडारा सगळ्यांच्या कपाळाला लागला, आणि तो लावून ते गृहस्थ घरी जाऊन आपल्या खिडकीत नाताळची चांदणी टांगू लागले.

ती मंडळी गेल्यावर आई ताम्हण घासता घासता म्हणाल्या, "येत्या मंगळवारी दत्तजयंती आहे. सुंठ संपली आहे. सुंठवडा करायचा तर आणून ठेव." आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. शेवटी आमच्या सौ. ंनी सांगितले, "आई, त्या दिवशी आम्ही नागावला असू. तुमची डोंबिवलीची व्यवस्था केली आहे." आई म्हणाल्या, "बरं आहे. जाऊन या." एवढेच. त्यांनी आवाज चढवला असता तर आम्हांला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवातली दत्ताची तसबीर पुसली आणि कापडात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवली. मुलीने ते पाहिले आणि विचारले, "आजी, देवपण आत्याकडे चालले का?"

ह्या प्रश्नाला आम्ही दोन दिवस उत्तर शोधत होतो. कचेरीत बसून शोधत होतो, गाडीत उभे राहून शोधत होतो. आणि त्या निमित्ताने आम्ही जे वाचले, विचारले आणि ताडून पाहिले ते आपल्यापुढे ठेवतो. सण आणि सुट्टी ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत काय, हा प्रश्न होता.

प्रथम शब्दच पाहू. आपला 'सण' हा शब्द संस्कृत 'क्षण' ह्या शब्दावरून आला. क्षण म्हणजे काळाचा बारीकसा तुकडा, हे आपण जाणतो. पण अमरकोशात ह्या शब्दाचे आणखी दोन अर्थ दिले आहेत. एक म्हणजे उत्सव, आणि दुसरा म्हणजे काही काम नसण्याची स्थिती. मोकळीक, वेळ आणि उत्सव हे तिन्ही एकाच शब्दात नांदत होते. इंग्रजीतही तोच प्रकार. 'हॉलिडे' हा शब्द मुळात 'होली डे', म्हणजे पवित्र दिवस. देवाचा दिवस तोच विसाव्याचा दिवस. म्हणजे निदान शब्दांच्या घरात तरी हे दोघे सख्खे भाऊ आहेत. वाटणी मागाहून झाली.

आता इतिहास पाहू. आपण रविवारची सुट्टी गृहीत धरतो, जणू ती पंचांगात लिहून आली आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळाली ती मागून, भांडून आणि सभा भरवून. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतले, महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. त्यांत आठवड्याला एक दिवस सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती ह्या मागण्या होत्या. पुढे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. ह्या मागणीच्या समर्थनार्थ लोखंड्यांनी सांगितले ते असे की, रविवार हा खंडोबाचा वार आहे. पाहा कशी गंमत आहे. साहेबाचा रविवार चर्चसाठी, आणि आमच्या कामगाराचा रविवार खंडोबासाठी. दोन निरनिराळ्या देवांनी मिळून एका गरीब माणसाला एक दिवसाची झोप मिळवून दिली.

नाताळच्या सुट्टीचेही तसेच. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. ती सुट्टी इंग्रजी कचेऱ्यांनी आणि कोर्टांनी आणली. पण आपल्या पूर्वजांनी तिचे काय केले? राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. ते खरे तर पुण्यात व्हायचे होते, पण तिथे पटकीची साथ आली म्हणून मुंबईला नेले. ७२ प्रतिनिधी जमले. पुढेही अनेक वर्षे ही अधिवेशने डिसेंबरअखेरीसच भरत, कारण वकील मंडळींना आणि शिक्षकांना मोकळे दिवस तेच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८८७ पासून सामाजिक परिषदही त्याच सुमारास भरवली. त्याच रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि आज आपण इथे जमलो आहोत तो त्याच प्रथेचा विस्तार आहे. दुसऱ्याच्या सणाची सुट्टी घेऊन आपल्या देशाचे काम करणारी ती माणसे होती. आम्ही त्याच सुट्टीत नागावला जाऊन पडणार होतो! तुलना करण्याचे धाडस आम्ही करत नाही.

असो. दोन दिवसांनी आम्ही नागावला विचारणा केली. एक खाट वाढवून मिळाली. मग आईंना म्हटले, "तुम्हीही चला." त्या म्हणाल्या, "आणि दत्तजयंती?" तेव्हा मालवणच्या वहिनी, ज्या त्या वेळी विरजण मागायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, नागावच्या पुढे चौल. चौलच्या डोंगरावर दत्त आहे. दत्तजयंतीला तिथे जत्रा भरते, पाच दिवस." आम्ही खोली ठरवली, समुद्र किती अंतरावर आहे ते पाहिले, मासे कुठे चांगले मिळतात ते विचारले, पण शेजारी दत्ताची एवढी मोठी जत्रा असते हे आमच्या गावी नव्हते. आईंनी पिशवीतली तसबीर काढून परत देवात ठेवली. म्हणाल्या, "मग ह्यांना कशाला नेऊ? तिथं आहेतच."

२३ तारखेला पनवेलच्या स्टँडवरून एस.टी.ने निघालो. वाटेत कर्नाळ्याचा सुळका दिसला, पुढे गणपतींचे पेण लागले, आणि वडखळला गाड्यांची रांग लागली. सगळी मुंबई त्याच दिवशी त्याच दिशेने निघाली होती. नागावच्या वाडीत नारळी-पोफळीच्या सावलीत उतरलो. तिथली थंडी म्हणजे पहाटे पांघरूण लागेल इतकीच, पण खांदेश्वरला पंखा बंद करणे हीच थंडी, त्यामानाने ती पुष्कळ होती.

दुसऱ्या रात्री घरमालकांनी पोपटी लावली. रायगड जिल्ह्यातल्या लोकांना पोपटी सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा, जाडे मीठ हे मडक्यात भरायचे, तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडके शेतात उपडे घालायचे आणि वरून पालापाचोळा पेटवून द्यायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडके उघडले की जो वास सुटतो त्याचे वर्णन व्याख्यानात करता येत नाही. पण आम्हांला सांगायचे ते निराळेच. त्या रात्री आमच्या सौ. आणि आमच्या आई शेजारी शेजारी बसून, कोणीतरी दुसऱ्याने शिजवलेले खात होत्या. आई म्हणाल्या, "आयतं खाल्लेलं किती दिवसांनी." मग जरा थांबून म्हणाल्या, "सणाला तर कधीच नाही."

बंधुभगिनींनो, सण आणि सुट्टी ह्यांची फारकत का झाली ह्याचे उत्तर आम्हांला त्या वाक्यात सापडले. ज्या शब्दाचा मूळ अर्थ मोकळीक, तो दिवस घरातल्या बाईला वर्षातला सर्वांत कष्टाचा दिवस होऊन बसला आहे. पुरण वाटायचे तिने, घासायचे तिने, सोवळे सांभाळायचे तिने, आणि आता तर संध्याकाळी कचेरीतून येऊन सांभाळायचे. अशी सून जेव्हा सण टाळून समुद्रावर पळू पाहते, तेव्हा श्रद्धा आटली म्हणून आपण हळहळतो. श्रद्धा आटलेली नसते, कंबर मोडलेली असते. हा दोष धर्माचा नाही आणि सुनेचाही नाही. तो आमच्यासारख्या पुरुषांचा आहे, जे सणाच्या दिवशी वर्तमानपत्र वाचत नैवेद्याची वाट पाहतात. आमच्या घरापुरते आम्ही हे बोलतो. दुसऱ्या घरांविषयी ज्याने त्याने ठरवावे.

२५ तारखेला रेवदंड्याला गेलो, पूल ओलांडून कोर्लईला गेलो. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, कोर्लईचा डोंगरावरचा किल्ला आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १७४० साली पोर्तुगीज इथून गेले आणि किल्ला मराठ्यांकडे आला. पण किल्ल्याच्या पायथ्याशी जी ख्रिस्ती वस्ती आहे ती अजून आपसांत एक भाषा बोलते. पोर्तुगीज आणि मराठी ह्यांच्या मिश्रणातून झालेली. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. त्या दिवशी नाताळ. एका ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाई आमच्या आईंशी छान मराठीत बोलल्या आणि नातवाला हाक मारली ती त्या भाषेत. राज्य गेले, बंदर गेले, पावणेतीनशे वर्षे होऊन गेली, आणि आजी नातवाला अजून त्याच भाषेत हाक मारते. भाषा टिकली ती सरकारने टिकवली नाही, आजीने टिकवली. श्रद्धेचेही तसेच असावे.

त्याच किनाऱ्यावर दुसरी एक कथा आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते. ते कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, आणि गावांवरून पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावू लागले. त्यांचे ग्रंथ हरपले, पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. शनिवारी ते घाणा जुंपत नसत. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पुढे त्यांनी प्रार्थनामंदिरे बांधली. आपल्या पनवेलमधले १८४९ सालचे. १९४८ नंतर ह्यांपैकी बहुतेक जण इस्राएलला गेले. पण ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, आपण कोण ह्याची खूण त्यांनी जपली ती एका सुट्टीच्या रूपाने. काम न करण्याच्या एका दिवसाने एक समाज शतकानुशतके ओळखता आला!

आणि ज्याची सुट्टी आणि सण दोन्ही हरवले असा एक माणूसही ह्याच किनाऱ्यावर उतरला होता. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला आला, तिथून जुन्नर, बेदर असा फिरला. रेवदंड्याला त्याच्या स्मरणार्थ स्तंभ आहे. त्याने लिहून ठेवलेल्या प्रवासवृत्तांतात एक दुःख पुन्हा पुन्हा येते. वाटेत लुटारूंनी त्याचे सामान लुटले, त्यात त्याचे धर्मग्रंथ गेले. त्यामुळे नाताळ कधी, ईस्टर कधी, उपवासाचे दिवस कोणते, हेच त्याला कळेनासे झाले. माल गेल्याचे दुःख त्याला होतेच, पण सणांचा हिशेब चुकला ह्याचे दुःख त्याहून मोठे. मुसलमान उपास करत तेव्हा तोही उपास करी. परक्या मुलुखात एकटा माणूस सण कोणाबरोबर पाळणार?

ही हकीकत ऐकून आमची मुलगी म्हणाली, "म्हणजे त्याला पाचवा माणूस मिळाला नाही." आम्ही म्हटले, "त्याला दुसराही मिळाला नाही."

२६ तारखेला दत्ताच्या डोंगराकडे निघालो. पायऱ्या पुष्कळ आहेत. आईंच्या गुडघ्यांची आम्हांला भीती. पायथ्याशी जत्रा भरलेली. मिठाईची दुकाने, खेळणी, पाळणे. मुलगा पहिल्याच दुकानापाशी रुतून बसला. आम्ही आईंना म्हटले, खालूनच नमस्कार करा. त्यांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दहा पायऱ्या चढायच्या, बसायचे, पुन्हा दहा. वाटेत एका टप्प्यावर मुलीने विचारले, "आजी, आपण फिरायला आलो का देवाला आलो?"

आई हसल्या. म्हणाल्या, "अगं, आमच्या लहानपणी देवाला गेल्याशिवाय फिरायला कोण नेत होतं?" आणि मग पायऱ्यांवर बसून त्यांनी पालीच्या यात्रेची हकीकत सांगितली. बैलगाडीत कडबा पसरून त्यावर बसलेल्या बायका, नदीकाठचा मुक्काम, नवा चुडा, रेवड्या, तंबूतला सिनेमा. मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाई वर्षभर 'दमले' म्हणाल्या नाहीत. म्हणता येत नव्हतं. पण 'देवाला नवस बोललेय' म्हटलं की कोणी अडवत नव्हतं. देवानं तेवढी रजा मंजूर केलेली."

आमच्या सौ. त्या वेळी शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी आईंची पिशवी आपल्या खांद्याला घेतली आणि आम्ही पुन्हा चढू लागलो. वर पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. समोर नारळीच्या वाड्या, त्यापलीकडे समुद्र. संध्याकाळी जन्माचा सोहळा झाला, सुंठवडा हातावर पडला. आम्ही त्या वेळी काय मागितले ते सांगत नाही, कारण काही मागितलेच नाही. बरे वाटत होते.

आता थोडा विचार. एक पक्ष म्हणेल, ही भक्ती नव्हे, ही सहल. दुसरा पक्ष म्हणेल, सहल चांगली होती, त्यात देव कशाला? दोन्ही पक्षांना आमचे नम्र उत्तर असे. पूर्वी माणसाला, विशेषतः बाईला, घराबाहेर पडायला देवाच्या परवानगीची गरज होती. आज नाही. रजा कचेरीतून मिळते, पैसे खात्यात असतात, २०२५ च्या ऑक्टोबरात तर आमच्या घराजवळच विमानतळाचे उद्घाटन झाले. ही मोकळीक चांगली आहे, आणि ती परत घ्यावी असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण देवाचे रजा मंजूर करण्याचे काम संपले म्हणून त्याचे सगळे काम संपले असे होत नाही. सुट्टीला पैसे लागतात आणि एकट्यालाही ती घेता येते. सणाला पाच माणसे लागतात. सुट्टीत आपण माणसांपासून दूर जातो; सणाला दार वाजवून माणूस बोलवावा लागतो. ह्यातले एक असले म्हणजे दुसरे नको, असे मानण्यात आमची चूक होत होती. आणि ज्याला देव मानणे शक्य नाही, त्यानेही पाचवा हात व्हायला हरकत नाही. आमच्या तळीला हात लावणारे गृहस्थ खंडोबाचे भक्त नव्हते. ते शेजारी होते, तेवढे पुरले.

आम्ही त्यानंतर घरात तीन गोष्टी ठरवल्या. मोठ्या नाहीत. एक, खोली ठरवण्याआधी पंचांग पाहायचे आणि आईंना विचारायचे, ह्याच क्रमाने नव्हे, आधी आईंना. दोन, सणाचा स्वयंपाक झेपेल तेवढाच करायचा आणि त्यातली भांडी आम्ही घासायची. पहिल्या वर्षी एक ताट आणि दोन वाट्या गेल्या, आता हात बसला आहे. तीन, तळी दुपारी न भरता सगळे घरी आल्यावर भरायची.

२०२४ साली चंपाषष्ठी ७ डिसेंबरला, शनिवारी आली. मजल्यावरची चारही घरे जमली. खानदेशातल्या काकूंनी भरीत केले, आमच्या भरिताला त्यांनी नावे ठेवली, आणि ती योग्यच होती. २०२५ साली ती २६ नोव्हेंबरला, बुधवारी आली. रात्री नऊला तळी भरली. पाच माणसे शोधावी लागली नाहीत. ताम्हणाला हात लावायला जागा पुरेना. त्याच डिसेंबरात आमच्या मुलीने शेजारच्यांच्या खिडकीत चांदणी टांगायला मदत केली. चांदणी टांगायला पाच माणसे लागत नाहीत, स्टूल धरायला एक लागते, तो आमचा धाकटा.

एवढे सांगून आम्ही थांबतो. आमच्या आई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना हे भाषण आधी वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे, पण गुडघे दुखतात हे कशाला सांगायचं? पुढच्या वर्षी मग नेणार नाहीस." तेव्हा सभेच्या साक्षीने आम्ही जाहीर करतो की, पुढच्या थंडीतली खोली आईंना विचारून ठरेल. पौषात पालीला जावे असा त्यांचा विचार दिसतो. तिथे समुद्र नाही. नदी आहे, आणि लग्न आहे.